सॅन होजे: टीम लंच व्हिएतनामी ठिकाणी ठरलंय, बीफ न खाणारे + शाकाहारी + एक जैन, काय मागवायचं?

रानजाई

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. शुक्रवारी आमच्या टीमचं लंच आहे आणि या वेळी जागा आमच्या व्हिएतनामी सहकाऱ्याने सुचवलीय. मूळचे सायगावचे, पन्नाशी ओलांडलेले, टीममध्ये सगळ्यात सिनियर आणि सगळ्यात कमी बोलणारे. दर वेळी तोच पिझ्झा नाहीतर तोच इंडियन बुफे, तर परवा मीटिंग संपता संपता म्हणाले की माझ्या घराजवळ एक छोटं हॉटेल आहे, तिथे जाऊया का. त्यांनी स्वतःहून काही सुचवायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे सगळे हो म्हणून मोकळे झाले आणि मग पार्किंगमध्ये आमची कुजबुज सुरू झाली की आपण खायचं काय तिथे!

जागा स्टोरी रोडच्या बाजूला, छोट्या स्ट्रिप मॉलमध्ये. एका बाजूला नेल सलून, दुसऱ्या बाजूला टॅक्स भरून देणाऱ्याचं ऑफिस. येता येता गाडी थांबवून बाहेरून बघून आले. मेन्यू काचेवरच चिकटवलाय, नंबर आणि फोटो, शंभराच्या वर पदार्थ असतील, आणि निम्म्या फोटोंत काय आहे ते कळत नाही. गूगलवर रिव्ह्यू भरपूर पण सगळे "ब्रॉथ भारी आहे" एवढंच लिहितात.

आम्ही आठ जण. मी चिकन-मासे खाते, बीफ-पोर्क नाही. नागपूरचा एक शाकाहारी (अंडं चालतं), चेन्नईची एक शाकाहारी (अंडंही नाही), सांगलीकडचा एक जैन (कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मश्रूम काही नाही), एक पंजाबी मुलगा ज्याला शेंगदाण्याची कडक ॲलर्जी आहे. बाकी एक मेक्सिकन, एक चायनीज, त्यांना काहीही चालतं. आणि आठवे यजमान.

मेन्यूत व्हेज फो (म्हणजे ते तांदळाच्या नूडलचं सूप) लिहिलेला दिसला, तो डोळे झाकून मागवता येतो का? फिश सॉस सगळ्यातच असतो म्हणतात ते खरं का? आणि हे सगळं त्यांना वाईट न वाटता कसं सांगायचं?

अण्णा_मिलपिटास

पहिली गोष्ट, घाबरू नका. दुसरी, व्हेज फो डोळे झाकून मागवू नका.

बऱ्याच छोट्या ठिकाणी व्हेज फो म्हणजे ब्रोकोली, गाजर, टोफू वर घातलेला बाउल, आणि खाली सूप मात्र चिकनचं नाहीतर सरळ बीफचंच. यात ते फसवत नाहीत, त्यांच्या दृष्टीने गिऱ्हाइकाला भाज्या हव्यात, मांसाचे तुकडे नकोत, तर तसं दिलं. फोचा सगळा जीव त्या पाण्यात असतो हो. बीफची हाडं आठ-दहा तास मंद आचेवर, त्यात आगीवर काळं होईपर्यंत भाजलेला कांदा आणि आलं, चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, धणे, वर खडीसाखर आणि फिश सॉस. म्हणून बाउलमध्ये काय तरंगतंय ते न विचारता सूप कशाचं आहे हे विचारायचं. नुसतं "इज इट व्हेजिटेरियन" विचारलंत तर हो म्हणतील. "सूप चिकनच्या हाडांचं की भाज्यांचं" असं विचारलंत तर खरं उत्तर मिळतं.

फिश सॉसचं म्हणाल तर हो, बहुतेक सगळ्यात. अँकोव्ही आणि मीठ पिंपात महिनोन्‌महिने मुरवून काढतात, फू क्वोक बेटाचा नावाजलेला. तो मॅरिनेशनमध्ये, सुपात आणि प्रत्येक ताटाबरोबर जी पातळ लालसर चटणीची वाटी येते तिच्यातही, लिंबू-साखर-लसूण-मिरची घालून. वाटी बाजूला सारता येते, मॅरिनेशन नाही सारता येत.

आणि यजमानांना वाईट वाटायचं काय त्यात? उद्याच त्यांच्या डेस्कपाशी जाऊन नीट सांगा, कागदावर लिहून द्या कोण काय खात नाही ते. ऐन टेबलावर पाच जणांनी नकारघंटा वाजवली तर मात्र त्यांना नक्कीच अवघड होईल. घराजवळचं हॉटेल म्हणजे मालकीणबाईंना ते ओळखत असणार, एक फोन करतील की झालं.

सोडे_भात

रानजाई, तुमच्यासाठी लिहितो. मी पण बीफ-पोर्क नाही, बाकी सगळं.

मेन्यूवर 'गा' म्हणजे चिकन, जी-ए. 'बो' म्हणजे बीफ, बी-ओ. 'हेओ' म्हणजे डुक्कर, 'तोम' म्हणजे कोळंबी. एवढे चार पाठ असले की निम्मा मेन्यू वाचता येतो. पण फो गा मागवताना पण तेच अण्णांनी सांगितलेलं, चिकनचं सूप वेगळ्या पातेल्यात आहे का विचारा, काही ठिकाणी बीफच्याच सुपात चिकनचे तुकडे टाकून देतात. फक्त चिकन फोच करणारी ठिकाणं पण आहेत सॅन होजेत, पण तुमची जागा ठरलेली आहे म्हणताय.

मला विचाराल तर फोच्या मागे लागूच नका. 'बून' घ्या. तांदळाच्या बारीक शेवया, गार, खाली लेट्यूस-काकडी-पुदिना, वर लेमनग्रास लावून भाजलेलं चिकन किंवा कोळंबी, सगळं कोरडं, सॉस वेगळ्या वाटीत. डोळ्यासमोर दिसतं काय आहे ते. किंवा 'कम ताम', म्हणजे चक्क कणीचा भात, गिरणीत तुटलेला तांदूळ, एके काळी गरिबांचा म्हणून स्वस्त, आता सायगावची शान. त्याच्यावर मूळ पोर्क चॉप असतो पण चिकन घालून देतात बहुतेक सगळीकडे.

फिश सॉसच्या वासाचा बाऊ करू नका. वास एक चव दुसरी. आमच्याकडे घरात सुकट भाजली की वरच्या मजल्यावरून तक्रार यायची, मला तर तो वास आला की भूकच लागते.

निवांत_बसलेला

मला एक कळत नाही, आठातले चार जण जे खात नाहीत अशा ठिकाणी जायचंच कशाला? इंडियन बुफेला सगळे खातात ना? उगाच एका माणसाच्या मनासाठी बाकीच्यांनी लेट्यूस चघळत बसायचं.

सोडे_भात

@निवांत, त्या एका माणसाने इतकी वर्षं दर टीम लंचला पनीर टिक्का खाल्लाय त्याचं काय? हलके घ्या.

हिरवी_मिरची

मी जैन आहे आणि या भागात बरीच वर्षं राहतेय, त्यामुळे सांगलीकरांसाठी माझं ऐका.

मेन्यूत सी-एच-ए-वाय अशी अक्षरं शोधा, 'चाय'. म्हणजे शाकाहारी, आणि नुसतं मांस वगळलेलं नाही तर बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. व्हिएतनाममध्ये खूप लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या हिशोबाने अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मांस खात नाहीत. देवळातले भिक्षू कायमच नाही खात. आणि कडक पाळणारे कांदा, लसूण, पात वगैरे उग्र वासाच्या भाज्या पण वर्ज्य करतात! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला, इतकी वर्षं वेट्रेसना नो अनियन नो गार्लिक समजावता समजावता तोंड दुखायचं आणि इथे एक आजी म्हणाल्या, हो हो, देवळातल्यासारखं ना.

म्हणजे तुमच्या जैन मित्राने "नो अनियन नो गार्लिक, लाइक टेंपल फूड" असं म्हणावं, लगेच कळेल. पण कंदमुळं त्यांना चालतात, त्यामुळे गाजर आणि पांढरा मुळा (लोणच्यासारखा किसून सगळ्यावर घालतात), आलं, रताळं, अरवी हे वेगळं सांगावं लागेल. चाय फोचं सूप बहुतेक मुळा आणि मश्रूमचं असतं, म्हणजे त्याच्यासाठी बादच.

मग उरतं काय? उरतं बरंच. टोफूचे गोइ कुअन, म्हणजे तांदळाच्या पापडीत गुंडाळलेले ताजे, न तळलेले रोल, गाजर न घालता. साध्या बून शेवया, तळलेला टोफू, काकडी, तुळशीची पानं, मोड आलेले मूग त्याला चालत असतील तर तेही, वर सोया सॉस आणि लिंबू. तळलेले चाय रोल मात्र कोणत्या तेलात तळतात ते विचारा, पोर्कचे रोल त्याच कढईत जातात पुष्कळ ठिकाणी. हे नागपूर आणि चेन्नईवाल्यांनी पण लक्षात ठेवा. आणि टेबलावरची ती कोंबड्याचं चित्र असलेली लाल बाटली (श्रीराचा, मिरचीचा सॉस), तिच्यात लसूण असतो, होइसिन म्हणजे दाट गोडसर सोयाबीनच्या सॉसमध्ये पण असतो. दोन्ही लांब ठेवा.

अंडं न खाणाऱ्यांनी बान मी सँडविच घेताना मेयोनीज विचारा, चाय सँडविचमध्ये सुद्धा असतं कधी कधी. आणि साधं चिकन बान मी असलं तरी आतून पावाला पाते म्हणजे मांसाची मऊ पेस्ट लावलेली असते ती पोर्कच्या लिव्हरची, रानजाई हे तुमच्यासाठी.

एक गंमत, खास चाय हॉटेलांत जायचं असेल कधी तर कालनिर्णय बघून जा, पौर्णिमेला पाय ठेवायला जागा नसते.

चकली०७

शेंगदाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, मुलाला ॲलर्जी आहे त्यामुळे मी या बाबतीत खडूस आहे. व्हिएतनामी जेवणात शेंगदाण्याचं कूट आणि भाजलेले दाणे खूप ठिकाणी वरून भुरभुरतात. बूनवर हमखास. ताज्या रोलबरोबर जो दाट ब्राउन सॉस येतो त्यात तर असतातच. वरून घालू नका सांगितलं तरी किचनमध्ये एकाच चमच्याने सगळं चाललेलं असतं. कडक ॲलर्जी असेल तर त्या मुलाने स्वतः आधी फोन करून बोलावं, तळणाचं तेल कुठलं ते पण विचारावं, आणि इंजेक्शनचं पेन गाडीत न ठेवता खिशात. मनासारखं उत्तर मिळालं नाही तर त्याने डबा न्यावा, यात लाजायचं काही नाही.

रानजाई

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांना खूप थँक्स. आज त्यांच्याशी बोलले, यादी लिहून दिली. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली आणि म्हणाले, माझी आई पण पंधरवड्याने एकदा चाय खाते, तू काळजी करू नको. झालं, एवढंच.

अजून दोन प्रश्न. किती वाजता जावं? आणि बिलाचं कसं करतात, आम्ही नेहमी ॲपवर आठ भाग करतो.

अण्णा_मिलपिटास

साडेअकराला आत असा. बारा वाजले की आजूबाजूच्या ऑफिसांची आणि दुकानांची गर्दी होते आणि आठ जणांना एकत्र जागा मिळणं कठीण. फो हे मुळात सकाळचं खाणं, ही दुकानं नऊच्या सुमारास उघडलेली असतात, चांगल्या ठिकाणी संध्याकाळपर्यंत काही काही गोष्टी संपतात पण. खाणं पाच-सात मिनिटांत समोर येतं आणि जसजसं तयार होईल तसं येतं, सगळ्यांचं एकदम यायची वाट बघत बसू नका, नूडल फुगून जातात. चॉपस्टिक, चमचे, टिश्यू टेबलावरच डब्यात. बिल कुणी आणून देत नाही, उठून काउंटरवर जायचं, टेबल नंबर सांगायचा. रोख ठेवा जवळ, कार्ड न घेणारी किंवा ठरावीक रकमेच्या वर घेणारी ठिकाणं अजून आहेत. मोठा बाउल साधारण पंधरा ते अठरा डॉलर पडतो हल्ली. टिप वेगळी.

आठ भाग वगैरे विसरा. जागा त्यांनी सुचवली म्हणजे बिल तेच देणार, तुम्ही हात धुवायला गेलात की तेवढ्यात देऊन मोकळे होतील. द्यायचंच असेल तर आत शिरल्या शिरल्या काउंटरवर कार्ड ठेवा, तरी मालकीणबाई त्यांचंच ऐकतील.

अवांतर: सॅन होजेत एक लाखाच्या वर व्हिएतनामी लोक राहतात, व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात एवढे नाहीत. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव, म्हणजे दक्षिण व्हिएतनामची राजधानी, उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती पडलं, त्यानंतर लाटेमागून लाटा आल्या, सुरुवातीला विमानाने, मग सत्तरीच्या शेवटाला होड्यांतून. त्या काळी इथे चिप आणि बोर्डांचे कारखाने जोरात होते आणि असेंब्ली लाइनवर सोल्डरिंग करायला ज्यांना इंग्रजी येत नाही अशी माणसं पण घेत, त्यामुळे हजारो लोक इथेच स्थिरावले. मी नव्वदीत आलो तेव्हा आमच्या टेस्ट फ्लोअरवर निम्म्या बायका व्हिएतनामी. मला स्टीलच्या डब्यात पोळी-भाजी खाताना बघून त्यातल्या एकीने फ्रेश रोल दिला होता, हा टोफूचा आहे, घे, म्हणून. तेव्हा कुणाला चाय-बिय माहीत होतं!

दुकानांत पिवळ्यावर तीन लाल पट्ट्यांचा झेंडा दिसेल, तो जुन्या दक्षिण व्हिएतनामचा. आजचा लाल झेंडा, पिवळा तारा, तिकडे कुणी लावत नाही, आणि ज्याचं नाव नंतर हो ची मिन्ह सिटी झालं त्या शहराला ते सायगावच म्हणतात. टीममधलं कुणी हौशी असेल आणि हो ची मिन्ह सिटीला फिरून आलेलं असेल तर त्याला आधीच टेबलाखालून पाय मारून ठेवा. नावात ५४ किंवा ७५ असा आकडा असलेली फोची दुकानं दिसतात, ती बरेचदा सालं असतात, ५४ ला देशाची फाळणी होऊन उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत आले आणि ७५ चं वर सांगितलंच. त्याबद्दल यजमान स्वतः बोलले तर ऐका, आपण उकरून काढू नका.

ठाणेकर_भटक्या

धागा उशिरा वाचला. गेल्या हिवाळ्यात हनोई ते सायगाव असा सगळा उभा देश केला त्यामुळे हात शिवशिवतायत.

५४ चा मुद्दा अण्णांनी काढला तो खाण्यात पण दिसतो. फो मुळात उत्तरेचा, हनोई-नाम दिन्ह भागातला. हनोईत बाउल साधा, सूप एकदम स्वच्छ, वर कांद्याची पात, बाजूला व्हिनेगरमध्ये लसूण-मिरची आणि बुडवून खायला तळलेल्या पिठाच्या काड्या, संपला विषय. पाल्याचं ताट मागितलं तर दुकानदार असा बघतो की विचारू नका. दक्षिणेत गेल्यावर सूप गोडसर झालं, तुळस, मोड, लिंबू, होइसिन सगळं आलं. अमेरिकेत गेलेले बहुतेक दक्षिणेतले, म्हणून तुमच्याकडे ते पाल्याचं ताट मिळतं.

खायची पद्धत सांगतो. आधी नुसतं सूप चाखा, काहीही न घालता. आपल्या लोकांची सवय म्हणजे बाउल आला की दोन्ही बाटल्या पिळायच्या, मग दहा तास हाडं उकळणाऱ्याने काय करायचं. मोड लगेच बुडवा म्हणजे शिजतील, तुळस हाताने तोडून थोडी थोडी घाला, लिंबू शेवटी. लाल सॉस आणि होइसिन छोट्या बशीत काढून मांस त्यात बुडवून खायचं. आणि दातेरी कडांची लांब हिरवी पानं असतील त्यात, कोथिंबिरीच्या चवीची पण दणकट, ती बाजूला काढून ठेवू नका.

त्या लाल बाटलीचा मालक पण निर्वासितच. १९८० मध्ये लॉस एंजेलिसला कंपनी काढली आणि ज्या मालवाहू जहाजातून व्हिएतनाममधून निघाला त्याचंच नाव कंपनीला दिलं, हुय फोंग.

हिरवी_मिरचींना: 'बान्ह सेओ' सुचवायचं राहिलं का? पिवळं जाळीदार कुरकुरीत, हुबेहूब घावनासारखं, तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. अंड्याचं ऑम्लेट वाटतं पण अंडं नसतं. आत कोळंबी आणि पोर्क असतं मात्र, चाय करून घ्यावं लागतं. लेट्यूसच्या पानात तुकडा गुंडाळून हाताने खायचं.

हिरवी_मिरची

@ठाणेकर, हो की! चाय मेन्यूत असतं, आत मोड, टोफू आणि मश्रूम. मश्रूम काढायला सांगायचे. छोट्या फोच्या दुकानात मिळेलच असं नाही पण विचारायला काय जातं.

रानजाई

आलो आम्ही जाऊन! सगळ्यांनी वृत्तांत मागितला होता म्हणून आत्ता बसच्या रांगेत उभी राहून लिहितेय, चुका समजून घ्या.

साडेअकराला पोचलो, तरी मागची दोनच टेबलं रिकामी होती, ती जोडून दिली. मालकीणबाई साठीच्या, यजमानांशी पाच मिनिटं त्यांच्या भाषेत जोरजोरात बोलल्या, आम्हाला वाटलं भांडतायत, तर म्हणे विचारत होत्या की एवढे सगळे चाय खाणारे तू आणलेस कुठून. यादी आधीच पोचली होती. व्हेज फोचं सूप विचारलं तर सरळ म्हणाल्या, चिकन. देवाशप्पथ, हा धागा काढला नसता तर नागपूर आणि चेन्नई दोघांनी तोच मागवला असता, दोघांचं बोट त्याच नंबरवर होतं. मग दोघांना टोफूचा बून दिला, वाटीत फिश सॉसच्या जागी सोया सॉस-लिंबू-मिरची, न सांगता. चेन्नईवालीने दुसरी वाटी मागून घेतली.

जैन मित्राला "टेंपल फूड" म्हणताच बाई हसल्या. गाजर-मुळा काढून रोल दिले, शेवया दिल्या, आणि वर स्वतःहून एक अख्खा शहाळं फोडून आणला. तो म्हणतो अमेरिकेत आल्यापासून टीम लंचला पहिल्यांदा गरम काहीतरी खाल्लं, एरवी सॅलडवर असतो बिचारा. बान्ह सेओ त्यांच्याकडे नव्हतं.

पंजाबी मुलाने फोन केला होता, त्याला सांगितलं की किचन लहान आहे, आम्ही खात्री देऊ शकत नाही. एवढं स्पष्ट सांगितलं हेच मला आवडलं. त्याने राजमा-भात आणला आणि बाईंनी तो गरम करून एका बाउलमध्ये वाढून दिला, चॉपस्टिकसकट!

मी फो गा घेतला, वेगळ्या पातेल्यातला. ठाणेकरांचं ऐकून आधी नुसतं सूप प्यायले. आता रिव्ह्यूवाले ब्रॉथ-ब्रॉथ का करतात ते कळलं. मेक्सिकन सहकाऱ्याने ते सगळं-एकात बीफवालं घेतलं, वजडी, स्नायुबंध, सगळं, त्याच्या घरी मेनुदो (वजडीचं मेक्सिकन सूप) करतात म्हणून तो खूश. शेजारी बसून मला काही झालं नाही, नागपूरकर जरा खिडकीकडे बघून जेवला.

बिलाचं अण्णा म्हणाले तसंच. मी पाण्याची बाटली भरायला उठले तेवढ्यात झालेलं होतं. वर यजमान म्हणे, पुढच्या वेळी तुमच्या घराजवळचं हॉटेल.

निवांत_बसलेला

बरं, मान्य. त्या जागेचं नाव काय?

रानजाई

@निवांत, व्यक्तिगत निरोप करते, इथे नको, शुक्रवारी परत जागा मिळायला हवी मला.

सोडे_भात

घराजवळचं हॉटेल म्हणाले आहेत तर त्यांना मिसळ खायला न्या, पण आधी विचारा तिखट किती चालतं ते. आपल्याकडे पण "मीडियम" म्हणून देतात आणि माणूस रडायला लागतो. आणि शेव त्यांना पहिल्यांदाच सगळी ओतू देऊ नका, ठाणेकरांचा नियम इथे पण लागू.

चकली०७

राजमा-भात गरम करून देणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा. कॉफी नाही का घेतली कुणी?

रानजाई

@चकली, घेतली ना, तीच सांगायची राहिली. ग्लासात खाली कंडेन्स्ड मिल्क, वर छोटं स्टीलचं फिल्टर, थेंब थेंब पडत बसतं, मग ढवळून बर्फावर ओतायची. चेन्नईवाली म्हणाली ही आमचीच, फक्त आम्ही बर्फ नाही घालत. जैन मित्राने दोन प्यायल्या आणि दुपारच्या मीटिंगमध्ये एकटाच जागा होता. ते फिल्टर कुठे मिळतं कुणाला माहितीये का?

अण्णा_मिलपिटास

टली रोडवर लायन प्लाझा आहे, तिथे किंवा स्टोरी रोडच्या ग्रँड सेंच्युरी मॉलच्या आसपास कुठल्याही व्हिएतनामी किराणा दुकानात भांड्यांच्या रांगेत. 'फिन' म्हणायचं. पाच-सहा डॉलरला मिळतं. दोन प्रकार असतात, आतली चकती स्क्रूने घट्ट करायची आणि नुसती वरून ठेवायची. नवशिक्याने नुसती ठेवायची घ्यावी, स्क्रूवाली जास्त आवळली की एक थेंब पडत नाही. तिथेच न्यू ऑर्लिन्सच्या कॅफे दु मोंदचा पिवळा डबा दिसेल, त्यात चिकोरी असते, इथल्या व्हिएतनामी लोकांनी सुरुवातीपासून तीच वापरली कारण त्यांच्या गावच्या जाड भाजणीच्या कॉफीच्या जवळ जाणारी तीच सापडली. चेन्नईच्या बाईंना पण आवडेल, चिकोरी त्यांना नवी नाही.

आणि तिथे गेलातच तर उसाचा रस मिळतो, समोर चरकात घालून काढतात, आल्याऐवजी छोटी आंबट संत्री ऊसाबरोबर पिळतात. मीठ मागू नका, बघत राहतात.

हिरवी_मिरची

अण्णा, मी तर पर्समध्ये काळ्या मिठाची पुडी घेऊन जाते.